पुढच्या चाकांचे बोल्ट

रविवारी दुपारी दीड वाजता ग्रेगरी परेरा जेवायला बसला होता. समोर भात आणि मांदेलीचं कालवण. क्लॅरिस, त्याची बायको, माशाचे काटे काढता काढता तिच्या भावाचं काहीतरी सांगत होती. चर्चच्या सणाला या वर्षी बँड कुठला बोलवायचा, असा विषय होता.

"ब्रायनने तुला सकाळी फोन केला ना?" तिने विचारलं. "काय ठरलं मग?"

ग्रेगरीचा हात ताटातच थांबला. ब्रायनचा फोन आला होता, हे खरं. तेव्हा तो गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी बसला होता. ब्रेकचा कॅलिपर, चाकाची तबकडी दाबून धरणारा चिमटा, जागेवर ठेवलेला, दोन्ही बोल्ट हाताने फिरवून लावलेले. फोन वाजला. आत आवाज तुटतो म्हणून तो उठून बाहेर चिंचेखाली गेला.

आणि पुढे? पुढचं आठवत होतं ते एकदम ब्रेक ऑइल भरतानाचं. मधे काहीच नव्हतं.

"क्लॅरिस," तो म्हणाला, "मी ते बोल्ट आवळले का गं?"

"कसले बोल्ट?"

तो उठला. हात न धुताच मोबाइल उघडून बघितला. ब्रायनचा फोन, नऊ चाळीस, चौदा मिनिटं. म्हणजे नऊ चौपन्नला तो परत आत आला असणार. आत येऊन त्याने पाना उचलला असेल. किंवा नसेल.

मरोळच्या गावठाणात, घराच्या मागच्या अंगाला ग्रेगरीचं गॅरेज होतं. तीस वर्षं तो परदेशी गाड्यांचं काम करत होता. मोठ्या शोरूमवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या आणि धडधाकट होऊन जायच्या. सकाळची ती गाडी, रेवतीची, त्यांतलीच. अकरा वर्षं जुनी, दोन दारांची, राखाडी रंगाची जर्मन स्पोर्ट्स कार. दोन मालकांनी वापरून झाल्यावर रेवतीने ती घेतली. पवईला एका कंपनीत ती सॉफ्टवेअरचं काम करायची, राहायची मुलुंडला आईवडिलांकडे. गाडीवर तिचा भारी जीव. आठ महिन्यांत तिने टायर बदलले, शॉकअप बदलले, एका ट्यूनरकडून इंजिनाची ताकद वाढवून आणली. ते कळल्यावर ग्रेगरीने तिला झापलं होतं.

"एवढी पळवायची तर आधी थांबायची सोय कर. जुने ब्रेक या इंजिनाला पुरणार नाहीत. घाटात उतरताना तापून बसतील."

तेव्हा तिने पुढच्या चाकांना मोठे ब्रेक मागवले. शनिवारी आणि आज सकाळी बसून ग्रेगरीने ते बसवले, एकट्याने. त्याचा जुना कारागीर गुणाजी आठवडाभर गावाला गेला होता, पावसाआधी घराची कौलं चाळायला. बारा वाजता रेवती आली, गाडी घेऊन गेली. जाताना खूश होऊन म्हणाली, "अंकल, आज बाबा पहिल्यांदा बसणार आहेत. इतके दिवस नाही म्हणत होते. जेवलो की लोणावळ्याला निघतोय."

लोणावळा, म्हणजे घाट. नुसता हाताने लावलेला बोल्ट गावातल्या गावात कळत नाही. पंधरा-वीस किलोमीटर गाडी बरी चालते. मग थोडी थरथर होते, मग बोल्ट आपोआप मागे सरकतो. आणि नेमका जोरात ब्रेक दाबल्यावर कॅलिपर सुटून चाकात अडकतो. शंभरच्या वेगाला पुढचं एक चाक जाम झालं, तर माणसाच्या हातात काही उरत नाही.

त्याने रेवतीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, मेसेज टाकला. पाचव्यांदा लावल्यावर त्याला आठवलं, ही गाडी चालवताना ती फोन मागे बॅगेत टाकते. त्यानेच तिला तसं सांगितलं होतं.

"मी निघतो," तो म्हणाला. व्हॅनमध्ये जॅक, पान्यांचा डबा आणि टॉर्क पाना टाकला.

"अरे, जेव तरी!" क्लॅरिस दारात आली. त्याचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "ग्रेग, नीट जा हां. आणि पोचलास की फोन कर. विसरू नको."

शेवटचे दोन शब्द ती सहज बोलली असेल. त्याला ते लागले.

जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर रविवार असूनही गाड्या होत्या. मे महिन्याचं ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. ग्रेगरी एका हाताने चालवत, दर सिग्नलला फोन लावत होता. मनात सकाळ परत परत उभी करून बघत होता. उजवी बाजू अगदी स्वच्छ दिसत होती. वरचा बोल्ट, पाना लावला, ओढला, कट्. खालचा बोल्ट, कट्. ठरलेला जोर भरला की टॉर्क पाना तसा आवाज देतो. मग दोन्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ, म्हणजे काम झाल्याची खूण. उजवीकडचं सगळं चित्र समोर होतं. डावीकडचं मात्र चिंचेखालच्या सावलीपाशी येऊन तुटत होतं.

आणि ते तसं तुटणं त्याला नवीन नव्हतं. त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. मागच्या महिन्यात तो बँकेत गेला आणि कशाला आलो ते आठवेना, म्हणून एसीत दहा मिनिटं बसून परत आला. क्लॅरिसला काही बोलला नाही. एका गिऱ्हाइकाला त्याने एकाच दिवशी दोनदा फोन करून गाडी झाली म्हणून सांगितलं. तो माणूस हसला, म्हणून हाही हसला. वय बासष्ट. होतं असं, तो स्वतःला सांगायचा. पण त्याची आई, एलेन, तिलाही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती रोज दुपारी नवऱ्याचं ताट वाढायची, आणि नवरा मरून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ग्रेगरीला ती 'भाऊ, तुम्ही कोणाकडे आलात?' असं विचारायची.

पवईचा तलाव मागे पडला. उतार लागला. पुढे गांधीनगरच्या चौकाआधी गाड्या तुंबल्या होत्या, आणि डावीकडे माणसांचा घोळका. कोणीतरी हातवारे करत गाड्या बाजूने काढत होतं. घोळक्यात काहीतरी राखाडी रंगाचं आडवं झालेलं दिसलं. तो व्हॅन तिथेच सोडून उतरला. मागचे हॉर्न मारायला लागले, एकाने शिवी हासडली. माणसांतून वाट काढत तो पुढे झाला.

टेम्पो होता. टायर फुटून कलंडलेला. दुधाचे क्रेट रस्त्यावर, ड्रायव्हर कपाळाला रुमाल लावून कठड्यावर बसलेला.

"काय झालं काका, तुमचा माणूस आहे का?" कोणीतरी विचारलं.

"नाही, नाही," म्हणत तो परत फिरला.

व्हॅनमध्ये बसून त्याने गाडी चालू केली, चौकात आला आणि थबकला. डावीकडे की उजवीकडे? मुलुंड कुठल्या बाजूला? तीस वर्षं तो या रस्त्याने जात-येत होता. आणि आत्ता, भर दुपारी, दोन्ही रस्ते त्याला सारखेच दिसत होते. दोन्हीकडे दुकानं, दोन्हीकडे रिक्षा. मागचा बसवाला हॉर्नवरून हात काढेना. ग्रेगरीने स्टिअरिंग घट्ट धरलं. घामाने हात घसरत होते.

मग डावीकडे वळणाऱ्या एका बसची पाटी त्याने वाचली. भांडुप. भांडुपच्या पुढे मुलुंड. तो बसच्या मागोमाग वळला. आपण रडतोय की काय, हे त्याने आरशात बघायचं टाळलं.

मुलुंडला पाच रस्त्याजवळ रेवतीची बिल्डिंग होती. एकदा गाडी पोचवायला तो आला होता, त्यामुळे ती लगेच सापडली. पार्किंगमध्ये राखाडी गाडी नव्हती. तो दोन मजले धापा टाकत चढला. दार रेवतीच्या आईने, जयंतीबाईंनी उघडलं.

"अगंबाई, तुम्ही? या ना. ते दोघं आत्ताच गेले. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील."

"त्यांचा फोन... साहेबांचा फोन लावा जरा. ताबडतोब."

"का हो? काय झालं?"

"गाडीत थोडं काम राहिलंय."

जयंतीबाईंनी नंबर लावला. आतल्या खोलीत, टीव्हीजवळ, मधुकररावांचा, म्हणजे रेवतीच्या बाबांचा, फोन वाजायला लागला.

"हे बघा!" त्या वैतागल्या. "विसरले. रोजचंच आहे यांचं. चष्मा विसरतात, गोळ्या विसरतात." मग त्यांनी ग्रेगरीकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "मोठं काम राहिलंय का? खरं सांगा."

तो जिन्याकडे वळला. "कुठल्या रस्त्याने गेलेत?"

"ऐरोलीच्या पुलावरून. पण आधी पेट्रोल भरणार आहे ती. ते महागातलं लागतं ना तिला. पुलाच्या अलीकडे पंप आहे, तिथेच मिळतं म्हणते."

तो जिना उतरला तेव्हा वरून त्या विचारत होत्या, "अहो, थांबा, मी पण येऊ का?"

हायवेवरच्या त्या पंपाशी पोचायला त्याला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत त्याने देवाशी काय काय सौदा केला, ते त्यालाच माहीत. माझं नाव जाऊ दे. गॅरेज जाऊ दे. पण ती मुलगी पुलावर चढलेली नसू दे.

गाडी पंपावरच होती. पेट्रोल भरून झालं होतं. हवा भरायच्या जागी रेवती टायरशी वाकून प्रेशर बघत होती, आणि मधुकरराव, पांढरी टोपी घालून, आत पट्टा लावून बसले होते. ग्रेगरीने व्हॅन सरळ गाडीच्या तोंडासमोर आडवी घातली.

"अंकल?" रेवती उठून उभी राहिली. "तुम्ही इथे कसे?"

"गाडी हलवू नको. किल्ली दे. उजवी बाजू मी पक्की केलीय, डावीकडचे बोल्ट बघायचेत."

तिने काही न विचारता किल्ली दिली. पंपावरचा माणूस "इथे काम नाय करायचं" म्हणत आला. रेवतीने त्याला बाजूला नेऊन समजावलं. ग्रेगरीने डावीकडे जॅक लावला, चाक काढलं. एक नट त्याच्या हातून सुटून गडगडत गेला. मधुकरराव बाहेर येऊन उन्हात उभे राहिले.

कॅलिपरमागे बोल्ट होते. दोन्हींवर पिवळी रेघ, सरळ, स्वच्छ, त्याच्याच हातची. त्याने टॉर्क पाना लावला आणि ओढला. कट्. दुसऱ्याला लावला. कट्.

दोन्ही घट्ट होते.

तो तिथेच, गरम फरशीवर बसला. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण त्या पिवळ्या रेघा कधी मारल्या, ब्रश कुठून घेतला, काहीच त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्याच कोणी येऊन त्याचं काम करून गेल्यासारखं वाटत होतं.

"सगळं ठीक आहे ना?" रेवतीने विचारलं.

"हो. घट्ट आहेत."

"मग एवढं घाबरवलंत कशाला हो?" मधुकरराव हसत म्हणाले. "मी आधीच जीव मुठीत धरून बसलोय. चला, निघू या. ऊन बघा काय झालंय."

ग्रेगरीने चाक परत चढवलं. नट आवळले. जॅक खाली घेतला. आता 'जा' म्हणायचं, हात हलवायचा, की झालं. पण जॅक त्याने व्हॅनमध्ये टाकला नाही. जे आठवत नव्हतं ते बरोबर निघालं. मग जे आठवतंय, त्याचं काय?

"उजवी बाजू पण बघतो," तो म्हणाला.

"अंकल, ती तर तुम्ही पक्की केली असं म्हणालात."

"म्हणालो. तरी बघतो. पाच मिनिटं."

उजवं चाक निघालं. ग्रेगरी गुडघ्यावर वाकून आत बघत राहिला. पिवळी रेघ नव्हती. वरच्या बोल्टावर नाही, खालच्यावरही नाही. त्याने खालच्या बोल्टाला नुसतं बोट लावलं. तो फिरला. मरोळहून इथपर्यंत येताना तो चार-पाच आटे मागे सरकला होता. वरच्याला पाना लावला, तर अर्धा वेढा फिरून मग कुठे कट् झालं.

सकाळपासून डोळ्यांसमोर दिसत होतं ते चित्र, तो आवाज, ती रेघ, सगळं कुठलं होतं? दुसऱ्या कुठल्या गाडीचं? कालचं? की दहा वर्षांपूर्वीचं?

रेवती त्याच्या शेजारी वाकली होती. तिने त्याचं बोट बोल्ट फिरवताना बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने वळून वडिलांकडे पाहिलं. ते टोपीने वारा घेत, पुलावरच्या गाड्या बघत उभे होते.

खोटं बोलणं सोपं होतं. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ढिला झाला असेल, म्हणता आलं असतं. ग्रेगरीने पाना खाली ठेवला.

"माझ्याकडून राहिलं," तो म्हणाला. "आवळला असं मला स्पष्ट आठवतंय. अजून पण आठवतंय. पण मी आवळला नव्हता. रेवती, माझं डोकं... मला काहीतरी होतंय. आज गाडी घेऊन जाऊ नको. मी सगळी परत तपासल्याशिवाय नको. आणि मी एकट्याने तपासून पण नको."

मधुकररावांना काय झालं ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते भडकले. "अहो, माझी पोर चालवत होती! घाटात काय झालं असतं?" ते म्हणाले. ग्रेगरी मान खाली घालून ऐकत राहिला. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

रेवतीने वडिलांचा हात धरून त्यांना व्हॅनच्या सावलीत बसवलं. मग ग्रेगरीजवळ आली.

"तुम्ही आलात ना पण," ती म्हणाली. "आता कोणाला तरी दाखवा. प्लीज. उद्याच."

त्याने दोन्ही बोल्ट तिच्यासमोर आवळले. तिने स्वतः पाना लावून दोनदा बघितलं. मग क्रेनवाल्याला बोलावून गाडी मरोळला धाडली, आणि बापलेक रिक्षाने घरी गेले.

संध्याकाळी त्याने क्लॅरिसला सांगितलं. बँकेचं, चौकातलं, सगळं. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

बुधवारी गुणाजी गावाहून आला. गॅरेजमध्ये रेवतीची गाडी स्टॅंडवर बघून त्याने विचारलं, आणि ग्रेगरीने त्यालाही सगळं सांगितलं. गुणाजीने बनियनला हात पुसले.

"मालक, रागावू नकात," तो म्हणाला. "गेल्या गणपतीपासना मी रोज सांजच्याक तुमी केलेली गाडी परत तपासतंय. तुमी घरात गेलास की."

"काय सापडलं?"

"नेमीच नाय. चार येळा. पाच येळा." त्याने खाली बघितलं. "माका वाटला, सांगलंय तर तुमका दुखात. ह्या आठवड्यात मी नसतंय, ह्याच्याच काळजीन गावाक झोप नाय लागली माका."

पाच वेळा. ग्रेगरी स्टुलावर बसला. पाच गाड्या, पाच घरांतली माणसं, आणि तो रोज रात्री निवांत झोपत होता.

त्यानंतर तीन आठवडे तपासण्यांत गेले. अंधेरीच्या हॉस्पिटलात मेंदूचा फोटो काढला, रक्त घेतलं. एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीन आठवले. बाहेर बाकावर बसल्यावर चौथा आठवला, तेव्हा सांगायला परत आत जावं की काय, असं त्याला वाटलं. शेवटी बाई म्हणाल्या, सुरुवात आहे. किती वेगाने पुढे जाईल ते आज सांगता येणार नाही. गोळ्या सुरू करू, दर सहा महिन्यांनी या. क्लॅरिसने सगळं वहीत लिहून घेतलं. येताना रिक्षात तिने त्याचा हात सोडला नाही.

गॅरेज बंद करायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकांना एकेक करून फोन करून खरं ते सांगितलं. काही जण गप्प झाले आणि परत आले नाहीत. एकाने ओरडून घेतलं. रेवती मात्र जूनच्या पहिल्या शनिवारी गॅरेजमध्ये आली. तिची गाडी अजून तशीच स्टॅंडवर होती. गुणाजीने एकदा सगळी तपासली होती, तरी न्यायला रेवती धजली नव्हती.

"मागचे ब्रेक पण बदलायचेत," ती म्हणाली. "तुम्हीच करायचे. गुणाजीकाका पाना धरतील, मी इथे बसून बघेन."

"वेड लागलंय का तुला?"

"दुसऱ्या कोणाकडे नेली तर तो काय विसरला ते मला कधीच कळणार नाही. तुमचं मला कळेल तरी."

ग्रेगरीने त्या दिवशी काम सुरू केलं. प्रत्येक नटाशी तो थांबत होता. कुठे काय जातं, कुठलं आधी, कुठलं नंतर, हे हातांना अजून माहीत होतं. पण हातांवर विश्वास ठेवायची त्याला भीती वाटत होती. तो सांगायचा, गुणाजी आवळायचा, रेवती स्टुलावरून मान पुढे काढून बघायची. कोपऱ्यातला पंखा घरघरत होता.

"वरचा झाला?" ग्रेगरीने विचारलं.

"झालो," गुणाजी म्हणाला.

"खालचा?"

"तो पण झालो."

तो दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे सरकला, आणि थांबला.

"गुणाजी, खालचा झाला ना रे?"

"झालो म्हटला ना, मालक."

ग्रेगरीने जमिनीवरचा फडका उचलला, बोटं पुसली. परत मान वळवली.

"खालचा झाला का?"

रेवतीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गुणाजीचाही हात थांबला.

"तिसऱ्यांदा विचारतोय," ग्रेगरी म्हणाला. "माहीत आहे मला. तरी सांग."

गुणाजीने परत पाना लावला. कट्.